तांबटाची हजेरी

सकाळी आठच्या आत बबनमामांना कुणी बोलतं केलेलं मी कधीच पाहिलं नाही. ग्रामपंचायतीचे लोक आले, दूध घालणारा आला, एकदा तर त्यांचे व्याही शिरूरहून भल्या सकाळी येऊन उभे राहिले. सगळ्यांना अंगणाच्या कडेला एकच उत्तर मिळालं. मामा खुर्चीतून न उठता उजवा पंजा वर करायचे. थांबा. तोंडात कडुनिंबाची काडी असायची. काडी दात घासण्यासाठी असते हे त्यांना मान्य होतं, पण दात घासून झाल्यावरही ती तिथंच राहायची. आलेला माणूस चपला काढून मुकाट्यानं ओट्यावर टेकायचा. आठ वाजले की मामा काडी काढायचे, चूळ भरायचे, आणि मग त्यांचा आवाज असा फुटायचा की पाटापलीकडच्या वस्तीवर लोक घड्याळं लावून घेत.

मामांना ऐकू येत नव्हतं. कमी येत होतं असं नव्हे. ढग गडगडले तर छातीत कळायचं, तेवढंच. आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज मोजता येत नाही. ‘बुलबुल आला’ असं त्यांनी आपल्या मते हळूच म्हटलं तरी बुलबुल जायचा, कडुनिंबावरचे होले जायचे, आणि बांधावर चरणारी शेळी मान वर करून बघायची. सकाळची पाखरं बघायची तर तोंड बंद हवं आणि तोंड आपणहून बंद राहत नाही, हे कळल्यावर त्यांनी त्यात काडी घातली. मामांचं सगळं असं असायचं. अडचण कळली की तिच्यावर ते बोलत बसत नसत, तिला काहीतरी बांधत किंवा तिच्यात काहीतरी खुपसत.

मी यवतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. बदली होऊन आले तेव्हा यवतमध्ये मनासारखी जागा मिळेना, म्हणून खुटबावला शेतातल्या एका घराच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घर मामांचं. पहिल्या सकाळी मी ‘नमस्कार’ म्हणायला अंगणात गेले तर समोर पंजा वर झाला. मी थबकले. तेव्हा दिसलं की त्यांच्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधली आहे. ती अंगणातून सरळ निघून, जास्वंदीच्या डोक्यावरून, स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरत होती. मला वाटलं, पलीकडे वासरू असेल. मी सुतळीच्या मागोमाग आत गेले. वासरू नव्हतं, हौसामामी होत्या. गॅस कोपऱ्यात झाकून ठेवलेला, भाकरी चुलीवर, आणि सुतळीचं दुसरं टोक त्यांच्या डाव्या मनगटात, हिरव्या बांगड्यांच्या मधोमध.

“हे काय, मामी?”

“फोन हाय,” मामी भाकरी उलटत म्हणाल्या. “तुमच्या फोनला हितं रेंज यील न यील. ह्याला कायम असती.”

ती दोरी मूळची राखणीची होती. बाजरी दाण्यावर आली की शेताच्या मध्ये माळा बांधायचा, माळ्यावरून चारी कोपऱ्यांना दोऱ्या न्यायच्या आणि त्यांना रिकामे डबे लटकवायचे. पाखरांचा थवा उतरायला लागला की माळ्यावरच्यानं दोरी ओढायची. डबे खडखडतात, थवा उठतो. मामींचं लहानपण अशा माळ्यावर गेलं. कुठल्या कोपऱ्यात कोण उतरतंय हे त्यांना पाठ वळवूनही आवाजावरून कळायचं. त्यात पाखरांची माया अजिबात नव्हती. “पाखरू म्हंजी चोर,” त्या म्हणायच्या. “चोराचा आवाज वळखाया नको?”

मामांचे कान गेल्यावर त्यांना पाखरं दिसेनाशी झाली. हे मला आधी कळलं नव्हतं. आपण पाखरू आधी ऐकतो, मग त्या बाजूला बघतो. मामा कडुनिंबाकडे डोळे लावून बसायचे आणि दयाळ मागे विहिरीच्या कठड्यावर गाऊन निघून जायचा. घरात बसून मामींना ते सगळं ऐकू यायचं. एक दिवस त्यांनी माळ्यावरची जुनी दोरी काढली आणि नवऱ्याच्या अंगठ्याला बांधली. एक हिसका म्हणजे कडुनिंब. दोन म्हणजे विहीर. सावकाश लांब ओढ म्हणजे उंबराकडे बघा. लागोपाठ हिसके बसले तर पाखरू नसे. त्याचा अर्थ, चहा निवतोय.

मामांनी सुरुवातीला मामींच्या टोकाला एक डबा अडकवला होता, म्हणजे ‘दिसलं’ असं उलट कळवता येईल. पहिल्याच दिवशी कोतवाल पक्षी दिसला, मामांनी आनंदानं दोरी ओढली, स्वयंपाकघरात डबा खणाणला आणि अंगण मोकळं झालं. मामा हैराण. दुसऱ्या दिवशीही तेच. पाखरू दिसतंय, आपण कळवतोय, आणि ते लगेच जातंय. डब्याचा आवाज त्यांना कुठून येणार? मामींनी तीन-चार दिवस ही गंमत बघितली, मग हसून हसून डोळे पुसले, डबा काढून टाकला आणि दोरी बांगड्यांत घातली. आणखी एकदा शेळीनं जास्वंद खाताना दोरी तोंडात धरली, तर मामा बराच वेळ एकदा कडुनिंब, एकदा विहीर, एकदा उंबर असे मान फिरवत राहिले. आठ वाजता काडी काढून मामींवर ओरडले, “किती येत्यात आज? जत्रा हाय का काय?”

मामांच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. चार महिने घरी, बाकी रानोमाळ. वडील शेतीला लागले आणि मामा रांजणगावला एका कारखान्यात प्रेस शॉपला. आठवडाभर तिकडे खोलीवर, सुट्टीला गावी. प्रेस शॉप म्हणजे काय हे त्यांनी मला ओट्यावर मूठ आपटून दाखवलं होतं. पत्रा ठेवायचा, वरून धाडकन डाय, म्हणजे पोलादी साचा, येते, पत्र्याला भोक किंवा आकार. दिवसभर तेच, आणि शेजारी तशाच मशीनची रांग. कानात घालायला बोळे मिळायचे. मामा ते खिशात ठेवायचे.

“का पण?” मी विचारलं होतं. ओठ वाचता यावेत म्हणून त्यांच्यासमोर बसून, सावकाश.

“बाई, डाय बिघडायच्या आदी आवाज बदलतो तिचा. बोळे घातले तर कळंल का? समद्या शॉपला म्हायती, बबनच्या मशीनवर माल रिजेक्ट निघत न्हाई.” मग म्हणाले, “कान कवा गेलं ते कळलंच न्हाई. मला वाटलं, मशीनच सुधारली.”

ही हकीकत ते तक्रार म्हणून सांगत नसत. चूक आपली होती आणि काम चांगलं होत होतं, या दोन्ही गोष्टी ते एकाच आवाजात सांगायचे.

कारखाना सुटला, पण शॉप त्यांनी अंगणात आणलं. पाखरांची पुस्तकातली नावं मी त्यांना सांगायचे, ते ऐकून घ्यायचे, म्हणजे बघून घ्यायचे, आणि आपलीच चालवायचे. दयाळ म्हणजे सुपरवायझर. काळा-पांढरा युनिफॉर्म, शेपूट वर, आणि येऊन-जाऊन फक्त फेऱ्या. कोतवाल सिक्युरिटी, कारण तो घारीलाही गेटपास विचारतो. सातभाई म्हणजे कॉन्ट्रॅक्टवाले. एक उठला की सगळे उठणार, आणि भांडणार तेही एकत्र. तारेवर बसून खाली टक लावणारा खंड्या क्यूसीचा, म्हणजे माल तपासणारा माणूस. शंभरातला एकच उचलणार. साळुंक्या कँटीनच्या. आणि भारद्वाज मॅनेजर. “दिसतो कवातरी. दिसला की लोक उगाच हात जोडत्यात.”

रोज सकाळी कामगार आले की मामा मनात त्यांची हजेरी घ्यायचे. कागद-पेन कधीच नव्हतं. बोट मोडत आणि काडी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत. कोणी चार दिवस आलं नाही की आठनंतर मामींना विचारायचे, “सुपरवायझर रजेवर हाय काय गं?”

“घाई करणाऱ्याला कावळाच दिसतो,” हे त्यांचं एक वाक्य. दुसरं माझ्यासाठी होतं. मी कधी पुस्तक घेऊन ओट्यावर बसले आणि मधूनच वर बघितलं, की ते आठनंतर सुनवायचे, “बाई, बघणं म्हंजी ड्युटी हाय. मदी मदी करायचं काम न्हाई ते.”

त्यांचा मुलगा संतोष. तोही रांजणगावलाच, फॅब्रिकेशनच्या कामाला. आठवडाभर तिकडेच राहायचा, सुट्टीला दुचाकीवरून घरी यायचा. बापावर त्याचा जीव होता आणि तो दाखवायची त्याची रीत म्हणजे वस्तू आणणं. त्यानं पुण्याहून कानाचं मशीन आणलं. मामांनी ते दोन दिवस लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन कानात आणि काडी तोंडात घालून बसले, आणि आठच्या आतच ते काढून मामींच्या शिवणाच्या डब्यात ठेवून आले. नंतर म्हणाले, “पाखरं ऐकाया बसलो तर माझीच काडी चावल्याचा आवाज. आन् त्याच्या मागं सूंऽऽ असं शॉप चालू. रिटायर झालो तरी सेकंड शिफ्ट?” मग संतोषनं बापाला हात असलेली नवी खुर्ची आणली. ती मामांनी वापरली.

हजेरीत एकच जागा रिकामी होती. तांबटाची.

उन्हाळा लागला की तांबट दिवसभर ठोकत असतो. टुक, टुक, टुक, टुक. लांब कुठंतरी तांब्याचं भांडं घडवत असावं तसा एकसारखा ठोका. आपल्याला तो इतका ऐकू येतो की आपण ऐकायचंच सोडून देतो. पण हिरवा पक्षी हिरव्या उंबरात बसलेला, दिसत नाही. मामी लांब ओढ द्यायच्या, मामा उंबराकडे बघत राहायचे. पानं, फळं, आणखी पानं.

एकदा त्यांनी मला ओट्यावर बसवून विचारलं होतं, “तांबट कसा वाजतो?”

मी ‘टुक टुक’ असे ओठ करून दाखवले. त्यांनी मान हलवली. “ओठ नको. आवाज कसा?”

मला सांगता येईना. मामींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “ठोकल्यागत.”

“किती टनाच्या मशीनगत?”

“मला काय म्हायती टन!”

तेव्हा मामा जे बोलले ते त्यांच्या त्या मोठ्या आवाजातही हळू वाटलं. “बाई, कान गेलं तवा आवाज लगीच जात न्हाईत. डोक्यात ऱ्हात्यात. कोकिळा अजून हाय. मेंढराची घंटी हाय. हौसाचा आवाज हाय, लग्नातला हाय, पर हाय. मग एकेक सुटत जातो. आजाबरूबर दुपारचं उंबराखाली बसायचो तवा हा तांबट डोक्यावर वाजायचा. तेवढं समदं आठवतं. सावली आठवती. आवाज न्हाई आठवत. शोधतो, सापडत न्हाई. आता तो बघायचा. पुस्तकात म्हंत्यात ना, ठोकताना त्याचा गळा फुगतो, मान हलती?”

मी हो म्हणाले. ते मीच त्यांना वाचून दाखवलं होतं.

“मग झालं. गळा बघितला की ठोका कळंल. ठोका कळला की आवाज सापडंल. मशीनचं तसंच असतं.”

त्या वर्षी उन्हाळाभर त्यांनी उंबर बघितला. तांबट दिसला नाही. दुसऱ्या वर्षी थंडी सरता सरता मामा एका सकाळी खुर्चीतून अर्धे उठले. घराच्या कोपऱ्यावर शेवग्याचं झाड होतं. त्याची एक जाड फांदी वाळून काळपट झाली होती आणि नेमकी न्हाणीच्या पत्र्यावर झुकलेली होती. तिच्या खालच्या अंगाला एक भोक पडलेलं मामांनी पाहिलं. आठपर्यंत त्यांनी दम धरला, मग मला हाताला धरून झाडाखाली नेलं.

“बघा. पंच मारल्यागत. गोल बघा किती! कडंला बर न्हाई, बोटाला लागंल आशी खरखरीत धार न्हाई, फाटलेलं न्हाई. हे सुताराचं काम न्हाई बाई. हा आपल्या लायनीतला माणूस हाय.”

चार-पाच दिवसांत त्या भोकातून एक तोंड बाहेर आलं. कपाळ लाल, डोळ्याभोवती पिवळं, चोच जाड, चोचीभोवती मिशा. तांबटच. मी म्हटलं, “मामा, झाली की हजेरी!”

“कशाची? गेटवर दिसला म्हंजी हजेरी झाली व्हय? कामावर बघितला पायजे.”

आणि तांबट घरापाशी काम करत नव्हता. शेवग्यात तो चोरासारखा यायचा, भोकात शिरायचा, गप्प निघून जायचा. ठोकायचा तो पलीकडे उंबरात, पानांच्या आत. मामा रोज दोन्हीकडे बघायचे. डोळे लाल व्हायचे. त्यांना त्या थंडीत खोकला सुरू झाला होता; खोकला आला की ते तोंडावर उपरण्याचा बोळा धरायचे, पाखरू जाऊ नये म्हणून. मामी म्हणाल्या, जरा आत येऊन बसा, ऊन चढल्यावर जा. मामांनी पंजा वर केला.

तेव्हाच संतोषनं फांदीचा विषय काढला. एका रविवारी तो करवत आणि शिडी घेऊनच आला. मामा शेवग्याखाली खुर्ची सरकवून बसले होते. आठ वाजायचे होते.

“आबा, उठा. फांदी उतरवतो.”

पंजा.

“आवो, पत्र्यावर पडंल ती. आत आई आंघोळीला आसती. वाऱ्यानं पडली म्हंजी?”

पंजा तसाच.

संतोष आईकडे वळला. “आई, तू सांग की!”

“आठ वाजू दे,” मामी खिडकीतून म्हणाल्या. “काडी तोंडात हाय तवर ह्यांचं माझं बी कायदेशीर नातं न्हाई.”

संतोष शिडीच्या पायरीवर बसून राहिला. आठ वाजता मामांनी काडी काढली, चूळ भरली, आणि म्हणाले, “हं, आता बोल.”

संतोष जे बोलला ते सगळं खरं होतं. लाकूड पोकळ झालंय, वळवाचा वारा आला की कोसळणार, न्हाणीचा पत्रा जुना आहे. मामांनी ते सगळं ओठांवरून वाचलं आणि एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही. शेवटी म्हणाले, “आखितीपतुर थांब.”

“आन् आखितीला?”

“आखितीला मी सोता शिडी धरतो.”

शब्द दिला गेला. मामी त्या दिवसापासून आंघोळीचं पाणी मागच्या बाजूला नेऊ लागल्या. आता मामांच्या बघण्याला शेवट आला होता. अक्षय तृतीयेला फांदी गेली की तांबटही जाणार, आणि मग पुन्हा नुसता उंबर. मामा पहाटे आणखी लवकर उठू लागले. गुढीपाडवा झाला. शेवग्याच्या शेंगा निबर झाल्या. मामी ओढायच्या, मामा बघायचे, संध्याकाळी विचारायचे, “आज वाजला?” मामी म्हणायच्या, “लई वाजला.” मामा मान हलवायचे आणि जेवायला बसायचे.

ती सकाळ चैत्रातली. माझ्या पेपर तपासण्याच्या सुट्ट्या होत्या आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात चहा घेत बसले होते. मामी भाकरी थापत होत्या. एकदम ठोका सुरू झाला. टुक, टुक, टुक. पण लांबून नाही. अगदी जवळून, जणू न्हाणीच्या पत्र्यावरच कुणी हातोडी घेऊन बसलंय. मामींनी हात थांबवला. कुठल्या बाजूचा इशारा द्यावा हे त्यांना क्षणभर कळेना, कारण शेवग्यासाठी इशाराच ठरलेला नव्हता. त्यांनी डावा हात उचलला, पण ओढायची वेळच आली नाही.

त्यांच्या बांगड्या वाजल्या.

किण, किण, किण. हात स्थिर होता, पिठानं भरलेला, हवेत धरलेला. आणि दोरी त्याला बाहेरून हलके हिसके देत होती. बाहेर टुक, आत किण. टुक, किण. दोन्ही एकाच वेळी, मागे-पुढे जराही नाही. बाहेरचा ठोका थांबला, बांगड्या थांबल्या. थोड्या वेळानं बाहेर पुन्हा सुरू झाला, बांगड्या पुन्हा सुरू.

मी उठून खिडकीतून बघितलं. वाळक्या फांदीच्या शेंड्यावर, उघड्यावर, कोवळ्या उन्हात तांबट बसला होता. प्रत्येक ठोक्याला मान इकडून तिकडे जायची आणि गळ्याखाली फुगा येऊन विरायचा. चोच मिटलेलीच. खाली मामांची पाठ दिसत होती. अंगठ्याची दोरी त्यांनी हातात घेतली होती आणि त्यांची मान तांबटाबरोबर हलत होती.

“मॅडम,” मामी अगदी हळू म्हणाल्या, “ह्यास्नी ऐकाया येतंय.”

तव्यावरची भाकरी जळाली. आम्ही दोघींनीही तिच्याकडे बघितलं नाही.

त्या दिवशी आठ वाजल्याचं पाटापलीकडे कुणाला कळलं नाही. मामा काडी काढून आत आले आणि चुलीपाशी बसले. मग म्हणाले, “हौसा, हजेरी लाव त्याची. माझ्याच खात्यातला निघाला.” आणि जळकी भाकरी त्यांनीच मागून घेतली.

अक्षय तृतीयेला संतोष आला. मामांनी शब्दाप्रमाणे शिडी धरली. भोकात तेव्हा पिल्लं होती, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, मामींना तर आवाजावरून केव्हाच कळलं होतं. मामा एवढंच म्हणाले, “आत पोरं हायेत. शब्द दिलाय, मी आडवणार न्हाई. तू बघून काय ते ठरव.” संतोष करवत घेऊन वर चढला, भोकाशी वाकला, आणि तसाच थांबला. मग खाली उतरला.

“काय झालं रं?” मामींनी विचारलं.

“आतून कुणीतरी बघतंय,” तो म्हणाला. “पिवळा गॉगल लावून.”

दुपारी त्यानं कुठून तरी लोखंडी अँगल आणले, जोडकाम केलं आणि फांदीला खालून टेकू दिला. न्हाणीचा पत्रा बदलला. संध्याकाळी मामा त्या टेकूभोवती फिरून आले, वेल्डिंगवरून बोट फिरवलं. म्हणाले, “बर राह्यलीय हितं.” संतोष हसला. त्यांच्यात याहून मोठं कौतुक होत नसे.

पुढच्या थंडीत खोकला छातीत उतरला. दौंडच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून मामा आले नाहीत. विधीच्या दिवशी नात्यातल्या बायका मामींना घेऊन ओट्यावर बसल्या. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “हौसा, हात फुडं कर.” मामींनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

“बांगड्यांना हात लावू नका.”

“अगं, रीत हाय ती.”

“आसंल. ह्या बांगड्या म्हंजी ह्यांचा कान हाय, आक्का. कान कुणी फोडतं व्हय?”

दुःखानं बाईचं डोकं फिरलंय, असं कुणीतरी पुटपुटलं. मामींचं डोकं अगदी ताळ्यावर होतं. संतोष दारात उभा होता, तो पुढे येऊन आईशेजारी बसला आणि म्हणाला, “आईनं सांगितलं ना एकदा.” मग कुणी पुन्हा हात मागितला नाही. पदराखालच्या बांगड्या मला दिसत नव्हत्या, पण त्या जागेवर होत्या. अजून आहेत.

मला मात्र मामा आठवतात ते दवाखान्यात जायला निघाले त्या सकाळी. संतोषनं कुणाची तरी गाडी आणली होती, ती अंगणातच उभी केली होती. मामांना धाप लागत होती, तरी तोंडात काडी होती. खुर्चीतून उठण्याआधी ते वाकले, अंगठ्याचा फास काढला आणि इकडेतिकडे बघून खुर्चीच्या हाताला अडकवून ठेवला, परत आल्यावर शोधत बसायला नको म्हणून. मामींनी आतून चादर आणली, ती घेऊन गाडीत बसल्या. संतोषनं गाडी सुरू केली.

मामांनी उघड्या काचेतून पंजा बाहेर काढला.

संतोषनं इंजिन बंद केलं. आम्ही होतो तिथं उभे राहिलो. शेवग्याच्या भोकातून लाल कपाळ बाहेर आलं होतं. तांबटानं उजेड बघितला, अंगणातली गाडी बघितली, आणि उडून उंबराकडे गेला. मामा त्याच्या मागं जेवढं दिसेल तेवढं बघत राहिले. मग पंजा खाली घेतला, बोटांनीच संतोषला खूण केली, चल. आठ वाजायला अजून अवकाश होता.